रजा म्हणजे पाळणाघर नव्हे!



फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्टेशनावर चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. त्यानंतर दोन-चार दिवसांतच एक छायाचित्र देशभर फिरले. रेल्वे सुरक्षा दलाची एक महिला कॉन्स्टेबल, हातात दांडा, आणि छातीशी बांधलेले वर्षभराचे मूल. त्याच स्टेशनात ती गर्दी आवरत होती. काय कौतुक झाले त्या छायाचित्राचे! कोणी नारीशक्ती म्हणाले, कोणी मातृशक्ती, कोणी कर्तव्याची पराकाष्ठा. खुद्द दलाने ते अभिमानाने प्रसिद्ध केले. आम्हाला मात्र ते पाहून शरम वाटली. त्या भगिनीची नव्हे, तिचे आम्हाला कौतुकच आहे. शरम याची, की ड्यूटीचे आठ तास हे मूल ठेवायची खोली कुठे आहे, हा साधा सवाल त्या टाळ्यांच्या गजरात कोणी केला नाही.

छायाचित्र निघाले म्हणून ते मूल दिसले. न दिसणारी किती आहेत ते आपल्यालाच ठाऊक आहे. दुपारी दोन ते रात्री दहाच्या पाळीला बसलेल्या बुकिंग क्लार्क भगिनीचे मूल शेजारणीकडे असते. शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली की संपले. आर.एम.एस.मध्ये रात्रभर टपालाची वर्गवारी करणारी पहाटे घरी धावते, कारण सासूबाईंना आता दिसत नाही. ट्रॅकवर काम करणाऱ्या भगिनीच्या धाकट्याला थोरली सांभाळते, आणि त्यापायी थोरलीची शाळा सुटते. हा हिशेब कोणत्याही बॅलन्स शीटमध्ये येत नाही. रेल्वेत आज लाखाच्या घरात महिला आहेत. इंजिन चालवणाऱ्या महिला आहेत, सबंध महिलांनी चालवलेल्या स्टेशनांची जाहिरात होते. पण इंजिनावर चढलेल्या बाईचे मूल कुठे आहे, याचे उत्तर जाहिरातीत नसते.

प्रशासनाला विचारा, उत्तर तयार असते: “रजा दिली आहे ना!” दिली आहे, हे खरे. १८० दिवसांची प्रसूती रजा आणि ७३० दिवसांची बालसंगोपन रजा सहाव्या वेतन आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून मिळाली. ती सरकारने खुशीने दिलेली भेट नाही, आपण मागितली म्हणून मिळाली. पण रजेचा नियम जरा उलगडून पाहू. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे सरकारच्याच परिपत्रकात लिहिले होते. स्टाफ कमी आहे, रिलिव्हर नाही, सिझन आहे — अर्ज फिरत राहतो आणि मूल तापाने फणफणत राहते. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की ही रजा म्हणजे मेहेरबानी नव्हे, स्त्रियांना नोकरीत समान सहभाग मिळावा या घटनात्मक जबाबदारीचा तो भाग आहे. सातव्या आयोगानंतर दुसऱ्या ३६५ दिवसांचा पगार ८० टक्क्यांवर आणून ठेवला, तो भाग निराळाच.

आणि मिळाली तरी काय? दोन वर्षे रजा, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पुरवायची. आजारपण तीतच, दहावीची परीक्षाही तीतच. मुलाला मात्र पहिली सहा वर्षे रोज सांभाळावे लागते. सणासुदीला एक दिवस गोडधोड दिले म्हणजे वर्षभराचा शिधा भरला, असे म्हणण्यासारखेच हे आहे. शिवाय ही रजा आईला. बाप एकटा पालक असेल तरच त्याला, तीही २०१८ पासून. म्हणजे मूल ही बाईची खासगी अडचण, ती तिने तिच्या रजेतून सोडवावी, हे सरकारने नियमातच लिहून ठेवले. ज्या पॉइंट्समनची बायको कारखान्यात जाते, ज्या पोस्टमनची बायको चार घरची धुणीभांडी करते, त्याला या नियमात काही नाही. म्हणूनच पाळणाघराचा प्रश्न केवळ भगिनींचा आहे असे समजून जे बांधव हे पान उलटणार असतील, त्यांनी जरा थांबावे.

आपल्या मुंबईचाच इतिहास पाहा. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळगोळी चाटवून निजवून जात. साहेबाच्या राज्यातल्या चौकशांमध्येही त्याची नोंद आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हा भार मुळात सरकारने उचलायचा आहे हे सांगितले आणि मालकालाही त्यातून मोकळे सोडले नाही. पुढच्याच वर्षी कायदा झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४८ आले: पन्नासांहून जास्त स्त्रिया असतील तेथे पाळणाघर हवेच. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. मालकांनी त्यातूनही वाट काढली. तिसाच्या वर पाळणाघर, मग तीसच बाया ठेवा! उरलेल्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर.

आता नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांच्याविषयी आपल्या इतर तक्रारी जगजाहीर आहेत, त्या येथे उगाळत नाही. पाळणाघरापुरते बोलायचे तर आता स्त्री-पुरुष मिळून पन्नासांची मोजणी आहे. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीतील पन्नासांची अट आणि दिवसातून चार वेळा मुलाला पाहायला जाण्याची मुभा सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली आहे. पुरुषही मोजला गेला, हे आम्हाला तत्त्व म्हणून मान्य आहे. पण ही पन्नास माणसे मोजायची कुठे? रोडसाइड स्टेशनात पाच माणसे असतात, सबपोस्टात तीन. डिव्हिजनचा हजेरीपट मात्र हजारांत जातो. छप्पर मोजाल तर देशातल्या बहुसंख्य स्टेशनांत आणि पोस्टांत पाळणाघर जन्मात येणार नाही. डिव्हिजन मोजाल, कॉलनी मोजाल, तर उद्या येईल. सगळी लढाई या एका शब्दावर आहे: “आस्थापना” म्हणजे काय? ठेकेदाराची सफाई कामगार या मोजणीत धरणार की नाही, हाही त्याच शब्दाचा सवाल आहे. दिल्लीत मंत्रालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी गृह कल्याण केंद्राची पाळणाघरे चालतात. तिथे जमते, ते आपल्या कॉलनीत का जमू नये?

सरकारी योजनांची तऱ्हा काय सांगावी! बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी तंबूत फिरते पाळणाघर सुरू केले. त्याही आधी आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, मग कोसबाडला, मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचे नाव पुढे देशभर गेले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि आज तेरा लाखांवर अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडी दिवसाचे काही तासच उघडी, आणि तिथे शिकवणे आहे ते तीन वर्षांपुढच्या मुलांना. तान्ह्याचे काय? त्यासाठी २००६ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. २०१७ मध्ये केंद्राने तिच्या खर्चातला आपला वाटा कमी करून राज्यांच्या गळ्यात टाकला. २०१५ मध्ये देशात तेवीस हजारांवर असलेली ही पाळणाघरे २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. पाच वर्षांत तीन-चतुर्थांश कुलपे लागली, आणि ब्रेकिंग न्यूज कोणी केली नाही! मग २०२२ मध्ये ‘पाळणा’ असे नवे नाव देऊन सतरा हजार अंगणवाडी-नि-पाळणाघरे काढण्याचा संकल्प सोडला. म्हणजे जे होते त्याहूनही कमी!

जुन्या योजनेत पाळणाघर रोज साडेसात तास उघडे. आपली पाळी आठ तासांची, आणि जायला-यायला लोकल वेगळी. बंधूंनो, कुलूप लागल्यावर अर्धा तास मूल कोणी धरायचे याचा विचार या योजना आखणाऱ्यांनी केला नाही, कारण त्यांच्या घरी बाई असते. त्या बाईचे मूल कोण सांभाळते, तो पुढचा प्रश्न. पाळणाघरातल्या सेविकेला महिन्याला तीन हजार आणि मदतनिसाला दीड हजार “मानधन” होते. पंचवीस मुलांचे ढुंगण धुणाऱ्या, त्यांना खाऊ घालून निजवणाऱ्या आणि गाणी शिकवणाऱ्या बाईला पगार नाही, मान आहे! आपल्याला स्वस्तात पाळणाघर हवे, पण ते दुसऱ्या कामगाराच्या घामावर स्वस्त झालेले नको. तिला पगार, ग्रॅच्युइटी, पेन्शन मिळाली पाहिजे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केले, तोच धागा येथे धरायचा आहे.

मुलाच्या बाजूनेही पाहा. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क सहा ते चौदा असा कापला आणि सहाच्या आतल्यांसाठी “राज्य प्रयत्न करील” एवढे कलम ४५ मध्ये ठेवले. प्रयत्न किती झाला ते वर पाहिलेच. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत मानले, पण हक्क दिला नाही. मग मधल्या मोकळ्या जागेत नर्सरीची दुकाने उभी राहिली. आपला मुलांचा शिक्षणभत्ता शाळेत नाव घातल्यावर सुरू होतो. पाळणाघराच्या पावतीला तो लागू नाही.

ग्रामीण डाक सेवक भगिनींना तर बालसंगोपन रजाही नाही. चार-पाच तासांचे काम, गावात वणवण, खाते उघडण्याचे टार्गेट, आणि खात्याच्या लेखी त्या “बाहेरच्या”. उद्या कॉलनीत पाळणाघर निघाले आणि त्याच्या दारावर “फक्त नियमित कर्मचाऱ्यांसाठी” अशी पाटी लागली, तर ती उतरवायला आपणच गेले पाहिजे.

आता थोडे घरचे बोलतो. संघटनेच्या मागण्यांच्या पत्रकात पाळणाघर आम्ही किती वेळा घातले? घातले तेव्हा कितव्या क्रमांकावर? पी.एन.एम.च्या बैठकीत बदल्या, बढत्या, ओव्हरटाइम यांवर तासन्‌तास बोललो आणि हा विषय चहा आल्यावर “पुढल्या वेळी” म्हणून सोडला. शाखेच्या सभा रात्री आठला ठेवायच्या आणि महिला येत नाहीत म्हणून कुरकुर करायची, हेही आमचेच. १९७४ च्या संपात पोलीस क्वार्टरांत घुसले तेव्हा दाराशी कोण उभे राहिले होते, हे जुन्या बांधवांना सांगायला नको.

जागा नाही, ही सबब तर आम्ही ऐकूनच घेणार नाही. कॉलन्यांतून रिकामी क्वार्टरे पडझडीला लागली आहेत, इन्स्टिट्यूटचे हॉल लग्नांना भाड्याने जातात, आणि स्टेशनालगतची जमीन व्यापारी संकुलांसाठी लीजवर देण्याकरता खास प्राधिकरण आहे. गाळ्यांना जागा आहे, पाळण्याला नाही? अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवायची सोय नव्या कायद्यातच आहे. स्टेशन, मुख्य पोस्ट आणि एस.टी. स्टँड बहुतेक गावांत हाकेच्या अंतरावर असतात. तिघांनी मिळून एक पाळणाघर, तिन्ही पाळ्यांत उघडे, रात्रीसुद्धा, ही मागणी आठव्या वेतन आयोगापुढे आणि प्रत्येक झोनच्या वाटाघाटीत एकाच भाषेत गेली पाहिजे.

त्यासाठी आकडे हवेत, आणि ते प्रशासन देणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या कॉलनीत घरोघर जाऊन सहा वर्षांखालची मुले मोजावीत. आईची पाळी कोणती, बापाची कोणती, त्या वेळात मूल कोणाकडे असते, महिन्याला किती पैसे जातात, थोरल्या भावंडाची शाळा बुडते का, हे लिहावे. ठेकेदाराच्या सफाई कामगारांना आणि डाक सेवकांना वगळू नये. रिकाम्या क्वार्टरांचे नंबर त्याच कागदाच्या मागे लिहावेत. आणि हे काम एकट्या महिला समितीवर टाकू नये. शाखा सचिवांनी स्वतः दार वाजवावे.