रागाच्या भरात नाते सुटू नये

नातवंडे सांभाळताना दिवसातून किती वेळा ‘द्वाड’, ‘वांड’, ‘कार्टं’ हे शब्द आपल्या ओठांवर येतात? व्हिएतनाममधील आजीआजोबांचीही हीच कथा आहे. तेथे मस्तीखोर मुलाला ‘ङिक’ म्हणतात, कधी लटक्या रागाने ‘खी’, म्हणजे माकड. झोपत नसेल तर ‘ओंग बा बी’ची भीती घालतात. तीन पिशव्या घेऊन मुले पकडणारा हा म्हातारा आपल्या बागुलबुवाचा सख्खा भाऊच म्हणायचा! शाळकरी मुलांविषयी एक म्हणही आहे : पहिला मान पिशाच्चांचा, दुसरा भुतांचा, तिसरा विद्यार्थ्यांचा.

यांहून कठोर शब्द आहे ‘हू’, म्हणजे वाया गेलेला. दक्षिण व्हिएतनाममध्ये बंद पडलेल्या दुचाकीलाही हाच शब्द लावतात. यंत्र दुरुस्त होते. पण ‘तू बिघडलेलाच आहेस’ असे रोज ऐकणारे मूल हळूहळू तसेच मानू लागते. शिवाय दोष घरातील बायकांवरच येतो. ‘मूल बिघडले आईमुळे, नातवंड बिघडले आजीमुळे’ अशी तेथील म्हण सांगते. हा टोमणा आपल्यापैकी अनेकींनी मराठीतही ऐकला असेल.

तरीही त्या भाषेत रागाचे सर्वांत धारदार शस्त्र शिवी नसून सर्वनाम आहे. एरवी आजी स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, ‘बा’ म्हणजे आजी म्हणते आणि समोरच्याला ‘चाउ’ म्हणजे नातवंड. राग अनावर झाला की त्या जागी ‘ताओ’ आणि ‘माय’ ही रोखठोक सर्वनामे येतात. नात्याचा शब्दच गळून पडतो आणि मुलाला क्षणात कळते की आज काहीतरी तुटले आहे.

व्हिएतनामच्या 2016 च्या बालक कायद्याने (अंमल 1 जून 2017 पासून) मुलांच्या सन्मानाला धक्का देणाऱ्या अपमानालाही हिंसेत गणले आहे. कायदा दूरचा असला, तरी त्यातील शहाणपण आपल्या ओसरीवरही उपयोगी आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. दोष कृतीला द्यावा, मुलाला नव्हे; ‘तू वाईट आहेस’ याऐवजी ‘भिंतीवर रेघोट्या ओढायच्या नाहीत’ असे सांगावे. रागावतानाही ‘आजीला हे आवडले नाही, बाळा’ असे म्हणत नाते हाताशी ठेवावे. झोपेच्या वेळी भीती घालू नये. दुसऱ्या खोलीतून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन हलक्या आवाजात बोलावे. आपल्यासाठीही हे हिताचे आहे, कारण संतापाने नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. असा क्षण आला की आधी बसावे, घोटभर पाणी प्यावे, मग बोलावे.

राग ओसरल्यावर मुलाला एकदा जवळ घ्यावे. काय बोललो ते आपण विसरतो. मुले सहसा विसरत नाहीत.