मर्यादा एका रानाला, मोकळीक दुसऱ्याला

राष्ट्राने जगाला दिलेल्या वचनाची फेड अखेर कुठल्या तरी रानात करावी लागते. राजधानीत आकडा जाहीर करणे सोपे. कोणत्या मुलखाने तो किती पाळावयाचा हे ठरविणे कठीण. ब्राझीलने हे कठीण काम अंगावर घेतले, ह्याचे श्रेय त्या देशाला दिलेच पाहिजे. हवा तापविणाऱ्या वायूंना आळा घालण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट त्याने २००९ साली कायद्याने स्वीकारले, आणि २०१० च्या हुकुमाने जंगलतोडीची मर्यादा प्रदेशवार बांधून दिली. ॲमेझॉनमधील तोड १९९६ ते २००५ च्या सरासरीहून ८० टक्क्यांनी घटवावयाची. सेराडो ह्या गवताळ, विरळ झाडीच्या पठारावर १९९९ ते २००८ च्या सरासरीहून ४० टक्क्यांनी.

ॲमेझॉनमध्ये कुऱ्हाड आवरता येते हे तोवर दिसूनच आले होते. २००४ साली तेथे २७,७७२ चौरस किलोमीटर रान तुटले. २०१२ साली ४,५७१. हे उपदेशाने झाले नाही. उपग्रह रान न्याहाळीत होता, अतिरेकी तोडीच्या स्थानिक विभागांची नावे २००८ पासून काळ्या यादीत चढत होती, नियम मोडणाऱ्यांची शेतकी कर्जे अडत होती. पुढे पहारा सैलावला. २०१९ साली तोडीचे आकडे मांडणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखालाच पदावरून दूर करण्यात आले. कडू आकडा सांगणाऱ्याला घालविण्याची रीत फार जुनी! २०२० साली मर्यादा होती सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरांची; तोड झाली १०,८५१.

परंतु आमचे खरे गाऱ्हाणे सेराडोविषयी आहे. ॲमेझॉनमधील खाजगी वनजमिनीचा ८० टक्के भाग राखणे कायद्याने बंधनकारक. सेराडोच्या बहुतेक भागात अवघा २० टक्के. तेथील झाड ठेंगणे, मुळे मात्र खोल. कर्बाचा मोठा साठा जमिनीखाली, म्हणून डोळ्यांत भरत नाही. साओ फ्रान्सिस्को आणि टोकांटिन्स ह्या नद्या ह्याच पठारावर उगम पावतात. आणि २०२३ साली, ॲमेझॉनमधील तोड ९,००० चौरस किलोमीटरांच्या आसपास उतरली असता, आकाराने त्याच्या निम्म्या सेराडोत ती ११,००० च्या वर गेली.

ह्यास तेथील शेतकऱ्यांचा अपराध म्हणावयाचे काय? कायद्यानेच मोकळी ठेवलेली जमीन सोयाबीनखाली जाणारच. २०३० पर्यंत जंगलतोड शून्यावर आणण्याचे वचन ब्राझीलने दिले आहे. ते पाळावयाचे तर सेराडोची मर्यादा ॲमेझॉनच्या तोलाची हवी, राखीव हिस्सा वाढवावयास हवा. आणि हक्क असूनही जो आपली जमीन तोडणार नाही, त्याच्या पदरात त्याचा मोबदला रोख पडला पाहिजे.