आशा बाळगणाऱ्याची भाषा

रशियन साम्राज्याच्या पश्चिमेकडील ज्यू वस्त्यांत दोन वर्षांच्या आत दोन मुले जन्माला आली. एक १८५८ च्या जानेवारीत, दुसरा १८५९ च्या डिसेंबरात. पहिला पुढे एलिझेर बेन-येहूदा या नावाने ओळखला गेला, दुसऱ्याचे नाव लुडविक झामेनहोफ. आपल्या समाजाची अवहेलना दोघांनीही जवळून पाहिली आणि तिच्यावरील उपाय भाषेत आहे, असे दोघांनाही मनापासून वाटले. पहिल्याने केवळ धर्मग्रंथांत आणि प्रार्थनेत उरलेली हिब्रू घराघरांत बोलती करण्याचा ध्यास घेतला. दुसऱ्याने साऱ्या जगासाठी एक नवीच भाषा रचली. तिचे नाव एस्पेरांतो.

आमच्या महाविद्यालयीन दिवसांत ‘कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषा कोणती?’ हा सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एका ओळीचा प्रश्न असे आणि उत्तर पाठ केले की विषय संपे. एका भाबड्या स्वप्नाळू माणसाचा फसलेला प्रयोग, एवढेच त्याचे मूल्यमापन आजही सुशिक्षितांकडून ऐकू येते. परंतु प्रयोग पुरता फसला असता, तर त्याच्या मागे हिटलर आणि स्टालिन हे दोघेही लागले नसते.

झामेनहोफ यांचे जन्मगाव बियालिस्टोक. आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा झारच्या अमलाखाली होते. तेथे ज्यूंची यिडिश, पोलिश, रशियन आणि जर्मन अशा चार भाषा बोलणारे चार समाज शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. हे एकमेकांचे बोलणे समजत नाहीत म्हणूनच भांडतात, अशी या मुलाची बालपणीच खात्री पटली. वडील स्वतः भाषाशिक्षक होते. तरुणपणी मुलाने राष्ट्रनिष्ठेचा मार्गही चोखाळून पाहिला. १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर पूर्वजांच्या भूमीकडे परतू पाहणाऱ्या चळवळीत त्याने वॉर्सा येथे भाग घेतला, यिडिशचे व्याकरणही लिहिले. पण मन पुन्हा जुन्या स्वप्नाकडे वळले. पेशाने नेत्रवैद्य असलेल्या या गृहस्थांनी १८८७ च्या जुलैत वॉर्सा येथे एक छोटेखानी पुस्तिका प्रसिद्ध केली. छपाईचा खर्च सासऱ्यांनी उचलला. लेखकाचे टोपणनाव होते ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. पुढे तेच नाव भाषेला चिकटले.

या भाषेची घडण पाहण्यासारखी आहे. व्याकरणाचे नियम अवघे १६ आणि त्यांना अपवाद नाही. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त. शब्दांचा साठा वाढतो तो उपसर्ग-प्रत्ययांच्या बळावर. ‘साना’ म्हणजे निरोगी. त्यास ‘माल’ हा उपसर्ग लावला की ‘मालसाना’, म्हणजे आजारी. ‘मालसानुलो’ म्हणजे आजारी माणूस आणि ‘मालसानुलेयो’ म्हणजे अशा माणसांची जागा, अर्थात रुग्णालय. शाळेत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय घोकलेल्या आपल्याकडील वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. शब्द मात्र बहुतांशी लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा युरोपीय भाषांतून उचललेले आहेत. फ्रेंच माणसाला अर्धे शब्द ओळखीचे, तर मराठी किंवा चिनी माणसाला जवळजवळ सगळेच नवे. जिला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटले, तिच्या कर्त्याचे जग युरोपाच्या वेशीपाशी थांबत होते, हे स्पष्टपणे नोंदवलेच पाहिजे.

त्या पुस्तिकेत एक प्रतिज्ञापत्रक होते. एक कोटी लोकांनी शिकण्याचे वचन दिले तर मीही ही भाषा शिकेन, असे त्यावर लिहून पाठवायचे होते. कोटी कुठले, हजारभर लोक पुढे आले. आपल्यापैकी कोणी असते तर हताश होऊन गप्प बसले असते. डॉक्टरांनी १८८९ मध्ये त्या हजार जणांची नावे व पत्ते छापून काढले आणि ज्यांना एकमेकांचे तोंड ठाऊक नव्हते, त्यांचा पत्रव्यवहार सुरू करून दिला. संघटनेचे काम केलेल्या कोणालाही या कृतीचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांची दुसरी कृती याहून मोठी. आंतरराष्ट्रीय भाषा ही समाजाची मालमत्ता आहे, तिच्यावर माझा वैयक्तिक हक्क नाही, असे त्यांनी आरंभीच जाहीर केले. याच सुमारास श्लायर नावाच्या जर्मन धर्मगुरूने रचलेली ‘व्होलाप्यूक’ ही भाषा युरोपात गाजत होती. सुधारणांचा प्रश्न निघाला तेव्हा अंतिम शब्द माझाच, असा हट्ट श्लायर यांनी धरला आणि काही वर्षांतच ती चळवळ विस्कटली. एस्पेरांतोतही १९०७ नंतर ‘इदो’ या सुधारित भाषेमुळे फूट पडली, नामांकित मंडळी बाहेर गेली. भाषा मात्र टिकली, कारण तोवर ती एका माणसाची उरली नव्हती. १९१२ मध्ये क्राकोच्या संमेलनात झामेनहोफ यांनी नेतृत्वाची भूमिकाही जाहीरपणे सोडली.

पहिले जागतिक संमेलन १९०५ मध्ये फ्रान्समधील बुलोन येथे भरले. ६८८ लोक आले आणि दुभाष्यावाचून परस्परांशी बोलले. कोणत्याही राष्ट्रभाषेची जागा घेण्याचा आमचा हेतू नाही, असा ठराव तेथे झाला. हा ठराव पुढे टीकाकार सोयीस्करपणे विसरले. त्याच संमेलनासाठी झामेनहोफ यांनी रचलेल्या प्रार्थनेतील अखेरचे कडवे आयोजकांनी गाळायला लावले, कारण त्यात ख्रिस्ती, ज्यू व मुसलमान यांना एकाच देवाची लेकरे म्हटले होते. प्रणेता ज्यू आहे, हेही शक्यतो झाकण्याचा त्यांचा प्रयत्न होता. बंधुत्वाच्या उत्सवातील ही गोष्ट!

पुढच्याच वर्षी, १९०६ च्या जूनमध्ये, खुद्द बियालिस्टोकमध्ये ज्यूंचे हत्याकांड झाले. दोन महिन्यांनी जिनिव्हाच्या संमेलनात झामेनहोफ यांना आपल्या जन्मगावाविषयी बोलावे लागले. भिन्न भाषा हे वैराचे एकमेव कारण नाही, हे त्यांनाही दिसतच होते. तरीही परस्परांना ओळखण्याची भिंत पाडली पाहिजे, हा त्यांचा आग्रह कायम राहिला. प्रस्तुत लेखकाला त्यांचे निदान अपुरे वाटते. एकाच भाषेत बोलणारे भाऊबंद एकमेकांचे गळे कापतात, याची उदाहरणे शोधायला कुरुक्षेत्रापलीकडे जावे लागत नाही. १९१४ मध्ये ज्यू एस्पेरांतोवाद्यांच्या संघटनेत येण्यास त्यांनी नकार दिला. पीडितांचा राष्ट्रवाद अधिक क्षम्य खरा, पण कोणत्याही राष्ट्रवादाने मानवजातीचे दुःखच वाढते, अशी त्यांची भूमिका होती. तीही मला मान्य नाही. पण स्वतःच्या समाजावर घाव पडत असताना ती घेणाऱ्याचा प्रामाणिकपणा नाकारता येत नाही.

त्याच वर्षी २ ऑगस्टला पॅरिसमध्ये दहावे संमेलन सुरू व्हायचे होते. साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. महायुद्ध भडकले आणि झामेनहोफ वाटेतच, जर्मनीतील कोलोन येथे अडकले. मोठा वळसा घेऊन वॉर्साला परतले ते खचूनच. १९१७ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

युद्धानंतर राष्ट्रसंघात या भाषेला शाळांत स्थान मिळावे, असा प्रस्ताव आला. राष्ट्रसंघाचे जपानी उपमहासचिव नितोबे इनाझो १९२१ मध्ये प्रागच्या संमेलनाला जाऊन आले होते आणि त्यांचे मत अनुकूल होते. विरोध केला तो फ्रान्सने. राजनैतिक व्यवहारातील आपल्या भाषेचा मान जाईल, ही भीती. १९२२ मध्ये तर फ्रेंच शिक्षणमंत्र्यांनी सरकारी शाळांत एस्पेरांतो शिकवण्यावर बंदीच घातली. दुर्बळ वाटणाऱ्या भाषेला प्रबळ भाषा किती घाबरते, हे या प्रकरणात स्वच्छ दिसते. आशियातील लोकांनी मात्र युरोपीय शब्दांची अडचण सोसून तिला जवळ केले. येरोशेन्को हे अंध रशियन लेखक याच भाषेच्या आधाराने जपानला गेले, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान हिंडून आले, आणि चीनमध्ये थोर साहित्यिक लू शुन यांनी त्यांच्या कथा अनुवादित केल्या.

हिटलरने आत्मचरित्रात या भाषेला ज्यूंच्या कारस्थानाचे साधन ठरवले होते. १९३६ मध्ये जर्मनीतील तिच्या संघटना मोडण्यात आल्या. सोव्हिएत रशियात १९३७-३८ मध्ये तिच्या कार्यकर्त्यांना हेर ठरवून तुरुंगात, छळछावण्यांत आणि बंदुकीपुढे पाठवले गेले. परदेशी पत्रे लिहिणे हाच मुख्य गुन्हा. झामेनहोफ यांचे चिरंजीव अ‍ॅडम, हेही नेत्रवैद्यच, १९४० मध्ये नाझींच्या गोळीला बळी पडले. सोफिया आणि लिडिया या दोन्ही मुलींना १९४२ मध्ये त्रेब्लिंका येथे मारण्यात आले. लिडिया अमेरिकेत भाषा शिकवत होत्या. १९३८ च्या अखेरीस त्या पोलंडला परतल्या होत्या.

बेन-येहूदांचे काय झाले? त्यांनी पॅलेस्टाइनमध्ये आपल्या मुलाला हिब्रूखेरीज दुसरी भाषा कानी पडू दिली नाही, शेजाऱ्यांचा उपहास सोसला. १९२२ मध्ये हिब्रू तेथील अधिकृत भाषांपैकी एक झाली, त्याच वर्षी त्यांनी देह ठेवला. तिच्या पाठीशी भूमी होती, सहस्रकांची स्मृती होती, पुढे राज्यही उभे राहिले. एस्पेरांतोला यांतले काहीच लाभले नाही. तरी १९५४ मध्ये युनेस्कोने तिच्या कार्याची दखल घेणारा ठराव केला, तिच्या विकिपीडियावर आज तीन लाखांहून अधिक लेख आहेत आणि २०२४ चे जागतिक संमेलन टांझानियातील अरुशा येथे, आफ्रिकेत प्रथमच, भरले. मातृभाषा म्हणून ती बोलणारी काही कुटुंबेही जगात आहेत. पोटाची सोय नाही, सत्तेची आस नाही, तरी लोक ती शिकतात. हा हिशेब मला अजून पुरता सुटलेला नाही.

२००९ मध्ये, झामेनहोफ यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली तेव्हा, जागतिक संमेलन बियालिस्टोकमध्ये भरले. देशोदेशींचे लोक ‘आशा बाळगणाऱ्या’च्या गावात त्याच्याच भाषेत बोलत हिंडले. बाहेर रस्त्यावर पोलिश ऐकू येत होती. गावच्या चार भाषांतील यिडिश बोलणारा समाज १९४३ च्या ऑगस्टमध्ये, तेथील ज्यू वस्ती नाझींनी रिकामी केली तेव्हाच संपला होता.