उशिरा येणाऱ्यांचे कीर्तन

कीर्तनाला उशिरा जाण्याची खोड आमच्या घराण्यात जुनीच. पूर्वरंग निम्मा झालेला असायचा आणि मागच्या सतरंजीवर टेकून शेजाऱ्याला हळूच विचारायचे, "बुवांनी अभंग कोणता घेतला?" आता नल्लकुंट्याच्या आमच्या घरात नातू म्हणेल तेव्हा नाटक सुरू होते. बुवाच श्रोत्याची वाट पाहात बसलेले!

या सोयीची किंमत मात्र मोठी आहे. निजामी अमदानीत 1935 साली सुरू झालेला आणि 1950 साली आकाशवाणीत गेलेला डेक्कन रेडिओ एकदाच बोले. ऐकणारे दहा असोत की लाख, खर्च तोच. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचे तसे नाही. तिथे बहुधा प्रत्येक पाहणाऱ्याला वेगळी प्रत धाडावी लागते. 19 नोव्हेंबर 2023 रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी ठिकाणी चालू होता. चेंडू एक, प्रती कोट्यवधी!

यावर संगणकशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक नामी युक्ती काढली. दोन तासांचा चित्रपट सात वाहिन्यांवर ठरावीक अंतराने सुरू केला, तर उशिरा येणाऱ्याला सतरा मिनिटांपर्यंत ताटकळावे लागते. त्याऐवजी चित्रपटाचे 127 सारखे तुकडे करायचे. पहिल्या वाहिनीवर पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा, दुसरीवर पुढचे दोन, तिसरीवर चार, असे दुप्पट करीत सातवीवर चौसष्ट. पाहणारा केव्हाही येवो, मिनिटाच्या आत आरंभ होतो आणि पुढचे तुकडे घरच्या पेटीत साठत जातात. पेटीला सातही वाहिन्या एकदम टिपाव्या लागतात, एवढीच अडचण. म्हणजे एक बुवा अखंड पूर्वरंगच आळवताहेत, दुसरे उत्तररंगात रंगले आहेत!

ही काटकसर अवश्य करावी, पण ती गर्दीच्या खेळांपुरतीच. दहा पाहणाऱ्यांसाठी सात वाहिन्या अडवणे वेडेपणाचे. त्यांना स्वतंत्र प्रत देणेच स्वस्त. माझे म्हणणे एवढेच, की गर्दीकडून वाचलेली जागा आमच्यासारख्या थोड्यांच्या वाट्याला यावी. ग्रंथसंग्रहालयातले एखादे पुस्तक वर्षाकाठी एकच वाचक मागतो, म्हणून ते कोणी रद्दीत घालत नाही.

परवा रात्री मी 'संगीत सौभद्र' लावले. सबंध नल्लकुंट्यात त्या वेळी ते पाहणारा मी एकटाच असेन. पहिल्याच अंकात दोनदा अडकले. गल्लीतल्या घराघरांत एकच क्रिकेटचा सामना चालला होता, ज्याची त्याची प्रत निराळी.