आधी काम बदला

वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘अ‍ॅटिट्यूड’ नावाचा एक रकाना असतो. मीही तो बरीच वर्षं भरला. चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमधल्या ऑपरेटरच्या नावापुढे मी ‘नकारात्मक’ असा शेरा मारला होता. पुढे कधीतरी मेंटेनन्सची वही चाळताना त्याचं अक्षर दिसलं. गार्डचा स्विच अधूनमधून लागत नाही, असं त्यानं तीन वेगवेगळ्या तारखांना लिहिलं होतं. समोर ‘केलेली कारवाई’ तिन्ही वेळा कोरी. चौथी नोंद नव्हती. तीनदा सांगून गप्प झालेल्या माणसाला मी नकारात्मक ठरवलं होतं.

व्यवस्थापनातली मंडळी म्हणतात, वृत्ती माणसाच्या अंगातच असते, ती घेऊनच तो गेटातून आत येतो. वृत्ती चांगली तर काम चांगलं. तेव्हा भरती वृत्ती पाहून करा आणि बिघडलेल्यांना दोन दिवसांच्या शिबिराला धाडा. यात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. स्वभावाचा वाटा असतो, कामचुकार माणसंही असतात. पण या वाट्यावर आपण फार मोठी इमारत उभी केली आहे. 2001 साली संशोधक टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांतल्या 312 नमुन्यांचा एकत्र हिशेब मांडला. कामातलं समाधान, म्हणजे कामाविषयीची वृत्तीच, आणि कामगिरी यांचा सहसंबंध 0.30च्या आसपास निघाला. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के समाधानाशी जुळतो. बाकीचा कुठून येतो?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना याचं उत्तर देतो. जनरल मोटर्सनं तो 1982 साली बंद केला. तिथले कामगार म्हणजे वाया गेलेली जमात, असाच बोलबाला होता. रोजची गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, कामावर दारू, युनियनशी कायमची हाणामारी. 1984 साली टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘न्यूमी’ नावानं सुरू झाला. युनियन तीच, बहुसंख्य माणसंही जुनीच. गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली आणि गाड्यांची गुणवत्ता अमेरिकेतल्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीला पोहोचली.

बदललं काय? प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. काही अडलं, चुकलं, की ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि दोघं मिळून बघतात. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाण्याआधी अडचण सुटली नाही, तर अख्खी लाइन थांबते. जुन्या राज्यात काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, असा दंडक होता. चुकीची गाडी तशीच पुढे जायची. टोयोटाकडून न्यूमीच्या कामावर असलेले जॉन शुक पुढे लिहितात की, तिथं आधी माणसांची कृती बदलली, विचार मागाहून बदलले.

यावर आक्षेप येतो की, दोन वर्षं घरी बसलेले लोक नोकरीच्या भीतीनं सुधारले. भीती होती, हे खरंच आहे. पण भीतीनं माणूस वेळेवर हजर होतो, मान खाली घालून राबतो, आपली चूक लपवतो. स्वतःच्या चुकीसाठी दोरी ओढायला आणि साऱ्या लाइनचं लक्ष स्वतःकडे वेधायला वेगळंच बळ लागतं. दोरी ओढल्यावर कोणी ओरडणार नाही, मदतीला येईल, हे रोज अनुभवल्याशिवाय ते येत नाही.

वृत्ती अशी घडते. माणूस रोज काय करतो आणि त्यावर समोरून काय उत्तर येतं, यातून ती साचत जाते. आमच्या प्रेस शॉपमध्येही त्या ऑपरेटरची वृत्ती घडली होती. ती घडवण्यात त्या तीन कोऱ्या रकान्यांचा हात होता, आणि माझ्या शेऱ्याचाही.

यंदाचे फॉर्म तुमच्या टेबलावर आले असतील. कोणाच्या नावापुढे ‘नकारात्मक’ लिहिण्याआधी एकदा खाली शॉपमध्ये जा, वही उघडा आणि त्या माणसानं शेवटची तक्रार कधी लिहिली होती, ते पाहा.