आज किती लॅप्स झाले?

मोठेपणी पोहायला लागलेल्या माणसांची एक सवय असते. भेटले की आधी आकडे सांगतात. "काल चाळीस लॅप्स झाले." "मला अजून पंचवीस मीटरला बावीस हात लागतात रे." "आज चार, न थांबता!" ऐकणाऱ्याला पोहण्याशी काही देणंघेणं नसेल तर तो तिसऱ्या वाक्याला मोबाईल बाहेर काढतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये या जमातीची भरपूर टिंगल होते, मॅरेथॉनवाल्यांच्या खालोखाल.

आज मी या जमातीची बाजू घेणार आहे. (हो, मी त्यातलाच आहे.) माझं म्हणणं थोडक्यात असं: मोठ्या माणसांनी एकमेकांना आपली प्रगती सांगणं ही बढाई नाही, ती शिकायची पद्धत आहे. आणि या पद्धतीची गरज पुण्या-मुंबईपेक्षा आमच्या महाड-पोलादपूरला जास्त आहे. दुसरं वाक्य जरा आगाऊ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

आधी पहिला मुद्दा. लहान मूल पाण्यात टाकलं की रडतं, ओरडतं आणि पंधरा दिवसांत मासा होतं. पस्तिशीतल्या माणसाचं तसं होत नाही. त्याला बुडणं म्हणजे काय ते कळत असतं. त्यामुळे तो मान वर काढून पोहायला बघतो. मान वर गेली की पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि आपण पाण्यात दार लोटल्यासारखं पाणी लोटत बसतो. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि लागणारी पॉवर आठपट! म्हणजे हा ताकद लावून सुटणारा प्रॉब्लेम नाहीच. मंद अल्गोरिदम मोठ्या सर्व्हरवर टाकून जेवढा सुधारतो, तेवढंच पोहणं दंड फुगवून सुधारतं.

दुसरी अडचण श्वासाची. नवीन माणूस पाण्याखाली श्वास रोखून धरतो. खरं तर पाण्याखाली नाकातोंडातून सावकाश सोडायचा असतो, म्हणजे तोंड वर आल्यावर नुसता घ्यायचं काम उरतं. रोखून धरलं की आत कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पंधराव्या मीटरला जीव घाबराघुबरा होतो. माणसाला वाटतं आपला स्टॅमिना कमी. स्टॅमिना ठीक असतो, हिशोब चुकलेला असतो.

आता गंमत अशी की हे सगळं सुधारत असताना पोहणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. जिममध्ये आरसा असतो, पाण्यात नसतो. तीन आठवडे आपण जिथल्या तिथेच आहोत असं वाटतं. बहुतेक मोठी माणसं याच टप्प्यावर सोडून देतात आणि "आपल्याला काही जमणार नाही" असा कायमचा शिक्का मारून घरी जातात. इथे आकडे कामाला येतात. पंचवीस मीटरला लागलेले सेकंद अधिक हात, अशी साधी बेरीज करून बघा. ३५ सेकंद आणि २२ हात म्हणजे ५७. महिन्याने तेच ५२ झालं, तर मनाला काहीही वाटो, सुधारणा झालेली आहे. आणि हा आकडा कुणालातरी सांगितला की समोरचा म्हणतो, "अरे, मागच्या महिन्यात मीही तिथेच अडकलो होतो. मान खाली घाल, तळाची फरशी बघ." एवढं एक वाक्य कधीकधी कोचच्या महिन्याभराच्या फीला भारी पडतं.

वयाचं म्हणाल तर मुरलीकांत पेटकरांचं नाव आपल्याकडे आता सगळ्यांना माहीत आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीर अधू झालं, त्यानंतर ते जलतरणाकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्णपदक घेऊन आले. आणि एवढं मोठं उदाहरण नको असेल तर डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवरची सागरी जलतरण स्पर्धा बघून या. तिथे पोरांच्या बरोबरीने साठी ओलांडलेली मंडळीही समुद्रात उतरतात आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न एकमेकांना हाच विचारतात, किती वेळ लागला?

आता दुसरा मुद्दा, महाडचा.

माझी आत्या महाडची. बाजारपेठेत घर. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती पुण्यात मुलीकडे आलेली असताना पोहायला शिकली. का, ते तिने कधी भाषण करून सांगितलं नाही. पण २२ जुलै २०२१च्या रात्री ती महाडला घरात होती. खालचा मजला पाण्यात, वीज गेलेली, मोबाईल बंद, आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली चाललेल्या. रात्रभर ती पायऱ्या मोजत बसली होती. पुण्यात टँकवर पहिल्या दिवशी तिने कठडा सोडायला चाळीस मिनिटं घेतली. आता ती मला फोन करते आणि म्हणते, "अरे, आज सहा झाले. मधे एकदाच थांबले." मी म्हणतो, "आत्या, मागच्या आठवड्यात दोनदा थांबली होतीस." की स्वारी खूश.

लोकांना वाटतं कोकणातल्या माणसाला पोहता येतंच. आमच्या आजोबांच्या पिढीत बऱ्याच जणांना यायचं. वाळलेला भोपळा, पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड पाठीला बांधायचं आणि विहिरीत ढकलायचं, हा अभ्यासक्रम. (मुलींना तोही नाही.) नदीत जागोजागी कोंड असायचे, कुठला खोल, कुठे भोवरा, कुठे उतरायचं नाही हे गावाला पाठ. काळ नदीवरचा वाळण कोंड अजून तसा आहे, तिथले मासे देवाचे, त्यांना कुणी हात लावत नाही. पण बाकी चित्र बदललंय. विहिरींवर पंप आले, पोरं शिकायला बाहेर गेली, एमआयडीसी आली. शिवाय महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, चांगल्या मोठ्या, पुलावरून दिसतात. त्या त्यांच्या घरी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मुलाला "जा, नदीत पोहायला शीक" असं आज महाडमधली कुठलीही शहाणी आई म्हणणार नाही.

म्हणजे झालं असं, की पाण्याची ओळख करून देणारी जुनी शाळा बंद पडली, आणि पाणी मात्र घरात यायचं थांबलं नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे गांधारी आणि काळ तिला भेटतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढत असते. वरून पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की मधल्या महाडने जायचं कुठे? २००५ साली दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्यांसकट वाहून गेला. २०२१ साली महाड शहर बुडालं, त्याच दिवशी तळियेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरड आली. आणि योगायोग बघा, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला पहिला जागतिक बुडण्यापासून बचाव दिन होता २५ जुलै २०२१. महाडकर त्या दिवशी घरातला चिखल काढत होते.

इथे तुम्ही मला अडवणार, आणि अडवायलाच हवं. दरडीखाली पोहणं काय कामाचं? पूल कोसळल्यावर बसमधल्या माणसाने काय लॅप्स मारायचे? बरोबर. शंभर टक्के बरोबर. पोहता येणं हा पुरावरचा उपाय नाही. त्याला वेळेवर इशारा, नदीतला गाळ, डोंगराचा उतार, पुलाची तपासणी या गोष्टी लागतात आणि त्या सरकारनेच करायच्या असतात. "लोकांनी पोहायला शिकावं" हे त्याचं उत्तर म्हणून कुणी पुढे केलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

माझा मुद्दा वेगळा आहे. जरा गणित करू. टँकमध्ये नियमित पोहणारा, माझ्यासारखा मध्यम माणूस १ किलोमीटर ३२ मिनिटांत काढतो. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. पुराचं पाणी सेकंदाला दोन मीटरने वाहत असेल आणि पात्र शंभर मीटर रुंद असेल, तर पार जायला मला २०० सेकंद लागतील आणि तेवढ्यात मी ४०० मीटर खाली गेलेला असेन, तेही मधे ओंडका, तार, गाडी काही आडवं आलं नाही तर. जगातले सगळ्यात वेगवान पोहणारे ५० मीटर साधारण २१ सेकंदांत मारतात, म्हणजे सेकंदाला २.४ मीटर. तेही एवढंच अंतर, स्वच्छ पाण्यात. ते या पाण्याविरुद्ध जेमतेम जागेवर टिकतील!

ज्याने कधी स्वतःचा वेग मोजला नाही, त्याला हे कळत नाही. "मला येतं पोहायला" एवढ्या भांडवलावर तो उडी मारतो. ज्याने सहा महिने वहीत आकडे लिहिलेत, तो मारत नाही. त्याला आपली मर्यादा दशांश चिन्हासकट माहीत असते. आणि दुर्दैवाने पाण्यात पडलाच तर काय करायचं हेही त्याच्या अंगात असतं: झगडायचं नाही, उताणं व्हायचं, श्वास सोडत राहायचा, जे तरंगतंय ते धरायचं, प्रवाहाशी भांडण न करता तिरकं काठाकडे सरकायचं. दारात छातीभर पाणी असताना घाबरून गिरकी खाणारा माणूस आणि श्वास ताब्यात असलेला माणूस यात फरक पडतो. आपल्या देशात २०२० ते २०२२ या प्रत्येक वर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले सगळेच काही महापुरात गेले नाहीत. तळी, शेततळी, विहिरी, सहलीला गेलेल्या पोरांनी बघितलेला डोह अशा रोजच्या पाण्यातही माणसं जातात.

मग करायचं काय? "प्रत्येक तालुक्याला ऑलिंपिक टँक" ही मागणी मी करणार नाही. २५ मीटर बाय १० मीटरचा साधा टँक सरासरी १.४ मीटर खोल धरला तरी साडेतीन लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ३५ टँकर. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर पावसात धबधबे आणि उन्हाळ्यात टँकर, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. तिथे एप्रिलमध्ये पोहण्यासाठी पाणी मागायला माझी जीभ रेटणार नाही. पण तरंगायला आणि श्वास सोडायला शिकण्यासाठी १० बाय ५ मीटर, एक मीटर खोल एवढं पुरतं. ५० हजार लिटर, पाच टँकर. पावसाळ्यानंतर एकदा भरायचं, फिल्टरने तेच पाणी फिरवायचं आणि फेब्रुवारीत बंद करायचं. हे एखाद्या शाळेच्या किंवा कारखान्याच्या आवारात होण्यासारखं काम आहे.

खरी अडचण पाण्याची नाही, वेळापत्रकाची आहे. टँक झाला की सकाळची बॅच पोरांची, संध्याकाळची मेंबरांची, आणि बायकांना दुपारी अडीच ते सव्वातीन. मोठ्या वयाच्या नवशिक्यांना तर जागाच नाही. महाडच्या माणसाला हे सांगायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर यावं लागलं, आणि त्यानंतर हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. तो लढा माणुसकीचा होता, माझ्या टँकच्या वेळापत्रकाची त्याच्याशी बरोबरी नाही. पण त्यातला एक धडा कुठल्याही सार्वजनिक पाण्याला लागू पडतो: ते सगळ्यांचं आहे असं लिहून ते सगळ्यांचं होत नाही. कोण प्रत्यक्ष उतरतं ते बघावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून बायकांची बॅच सोयीच्या वेळेला, शिकवायला बाई, सलवार-टीशर्टवर पोहायची परवानगी (सुती नको, सुती कपडा पाणी पिऊन जड होतो), आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी वेगळी लेन.

आणि टँकवर एक फळा. त्यावर रोज नाव आणि आकडा. "कठडा सोडला." "दहा सेकंद उताणी तरंगले." "पाच मीटर." हसू नका, पहिल्या महिन्यात यापेक्षा मोठा आकडा नसतोच. पण शेजारच्या काकूंच्या नावापुढे पाच मीटर दिसलं की उद्या आणखी दोघी येतात, हे मी पुण्यात डोळ्यांनी बघितलंय. कोचला जे जमत नाही ते फळ्याला जमतं.

पुण्या-मुंबईत राहणारी महाड-पोलादपूरची बरीच मंडळी हे वाचतात, हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण आठवड्यातून तीन दिवस टँकवर असतात. दिवाळीत गावी जाल तेव्हा पंचवीस मीटरचा टायमिंग काकाला सांगून झाल्यावर त्यालाच विचारा, "तुम्हाला येतं का?" नाही म्हणाला तर विषय तिथे सोडू नका. शाळेच्या हेडमास्तरांना भेटा, नगरपालिकेत, नगरपंचायतीत अर्ज द्या, चार सुट्ट्या शिकवायला द्या. आपण वर्षाला गोव्याला दोनदा जातो, एकदा कमी जाऊ.

बाकी काय, आत्याचं आठवं चालू आहे. दहा झाले की कळवेनच.