काटकसरीचं कौतुक पुरे, आता डाळ मागा!

"माल आला" असा निरोप गल्लीत फिरला की आमच्या ट्रॉम्बेत रेशनच्या दुकानापुढे पिशव्यांची रांग लागते. कोणी धुणी-भांडी उरकून येतं, कोणी नाक्यावर काम मिळालं नाही म्हणून येतं. अंगठा लावायचा, तांदूळ-गहू घ्यायचे, घरी आणून निवडायचे. माझी आई वर्षानुवर्षं हेच करते आहे. आणि आम्ही सगळे तिचं एकच कौतुक करतो : "एवढ्याशा पैशात आईने घर कसं चालवलं बघा!"

हे कौतुक आता थांबवा, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

आई काय करायची ते आधी सांगतो. तूरडाळ महाग म्हणून मसूर आणायची, कारण ती स्वस्त आणि लवकर शिजते, गॅस वाचतो. भाजी घ्यायला रात्री उशिरा जायची, कारण तेव्हा भाजीवाला उरलेला वाटा निम्म्या पैशात देतो. शिळ्या चपातीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. हातात चार पैसे असले की कोळीवाड्यातून सुका जवळा. कांद्यात परतलेला मूठभर जवळा पाच जणांना दोन वेळा पुरायचा. हे सगळं शहाणपण आहे, त्यात लाज वाटावी असं काही नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून दलितांच्या चुलीवरचा हा इतिहास पुस्तकात आणला, ते चांगलंच झालं.

पण एक गोष्ट आम्ही भावंडांनी फार उशिरा पाहिली. एक वाटी मसूर पाच माणसांना पुरायची कशी? आधी वडिलांना वाढायची, मग भावाला, मग मला, मग बहिणीला. आईच्या ताटात भात आणि पातेल्याच्या तळाचं पिवळं पाणी. म्हणजे आमच्या घरातली काटकसर पैशातून नव्हे, आईच्या अंगातून निघत होती. तिची चक्कर, तिची कंबरदुखी, तिचं कमी रक्त हा त्या काटकसरीचा खर्च. तो कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही.

आता वहीतला हिशेब करू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलोला तीस दिवसांनी भागा : माणशी दिवसाला १६६ ग्रॅम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगते, किंवा डाळीच्या जागी अंडी-मांस. म्हणजे धान्याचा दोन-तृतीयांश वाटा रेशन देतं, आणि डाळीचा वाटा शून्य.

पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो डाळ लागते. किलोला १२० रुपये धरले तरी दीड हजार रुपये होतात. आता हे बघा. कायदा लागू करताना आपल्या राज्याने शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरवली. महिन्याला पाच हजारही नाहीत. म्हणजे सरकार ज्याला गरीब म्हणतं, त्या घराने नुसती पुरेशी डाळ खायची ठरवली तर जवळजवळ तिसरा हिस्सा कमाई त्यातच संपेल. भाडं, वीज, गॅस, तेल, वह्या अजून बाकी आहेत. आणि रोज २०० रुपयांनी महिन्याला २५ दिवस काम मिळालं तर वर्षाचे ६० हजार होतात. तो माणूस कागदावर गरीब उरतच नाही! अशा घराला "बजेट कसं करावं" हे शिकवणाऱ्याने आधी हा हिशेब जुळवून दाखवावा.

"सरकारकडे पैसा कुठे आहे?" हा प्रश्न लगेच येईल. उत्तर आमच्या शेजारी राहतं. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पात आणून टाकलं. त्यात तमिळ कुटुंबं पुष्कळ होती. त्यांच्या गावाकडे रेशनच्या दुकानात दर महिन्याला ३० रुपये किलोने तूरडाळ आणि २५ रुपये लिटरने पामतेल मिळतं. तिथल्या शाळेत मुलांना आठवड्याला पाच दिवस अंडं मिळतं. तमिळनाडू काही परदेश नाही. संविधान तेच, केंद्र सरकार तेच.

बरं, महाराष्ट्रालाही हे जमत नाही असं नाही. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल. म्हणजे सरकारला डाळ आणि तेल घेता येतं, दुकानापर्यंत पोचवता येतं, वाटता येतं. मग सणालाच का? कारण सणाला पिशवीवर नेत्यांचा फोटो छापता येतो. दर महिन्याच्या हक्काच्या डाळीवर फोटो छापून काय मिळणार? सणाचा शिधा म्हणजे कृपा, महिन्याची डाळ म्हणजे हक्क. आपल्याला कृपा देतात आणि हक्काचं नाव काढलं की तिजोरी रिकामी होते.

अंड्याचं तर उघड राजकारण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. मानखुर्द-गोवंडीतला कुठला 'लोक' अंडी दान करणार आहे? शेजारी देवनारला शहराचा कत्तलखाना आहे, पण मार्च २०१५ पासून बैलाच्या मांसावरही राज्यात बंदी आहे. एका बाजूने अंडं काढलं, दुसऱ्या बाजूने स्वस्त मांस काढलं, आणि रेशनमध्ये डाळ घातलीच नाही. मग उरतं काय? भात, चपाती आणि "सात्त्विक आहाराचे फायदे" सांगणारं भाषण. ताटात काय असावं हे ज्यांच्या ताटात सगळं आहे तेच ठरवतात. ही जातच आहे, फक्त ती स्वयंपाकघराच्या दारातून आली आहे.

आता थोडं आपल्याच लोकांशी बोलू. आपल्यातले काही नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये गेले, आणि म्हणू लागले, "फुकट खाऊन लोक आळशी झालेत." त्यांनी रेशनच्या रांगेत एक सकाळ उभं राहून बघावं. ई-केवायसीच्या मशीनवर कोणाचा अंगठा उमटत नाही? वर्षानुवर्षं भांडी घासणाऱ्या बाईचा, सिमेंट कालवणाऱ्या माणसाचा, कचरा वेचणाऱ्या म्हातारीचा. कामाने ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले, त्यांना आळशी म्हणायचं? दिवसाच्या १६६ ग्रॅम धान्यावर आळशी होऊन कोणी जगून दाखवावं.

काहींना रेशनची रांग कमीपणाची वाटते. त्यांना महाड आठवून देतो. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला आपल्या लोकांना मेलेल्या ढोराचं मांस आणि दारोदारचं उष्टं सोडायला सांगितलं. कारण ते अन्न माणूस म्हणून मिळत नव्हतं, गुलामीची खूण म्हणून मिळत होतं. रेशन त्याच्या बरोबर उलट आहे. संविधानाचं कलम ४७ सांगतं की लोकांचं पोषणमान उंचावणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. २००१ मध्ये अन्नहक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिच्यातून शाळेतलं शिजवलेलं जेवण हक्क झालं. त्याच खटल्यात एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ते शिजवणाऱ्यांच्या नेमणुकीत दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. उष्टं मागावं लागायचं. रेशन मागायचं नसतं, घ्यायचं असतं. आणि कमी मिळालं तर जाब विचारायचा असतो.

मग करायचं काय? मोर्चा काढूच. १९७२ नंतर मुंबईतल्या बायांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्ते भरले होते, तसे पुन्हा भरू. पण मोर्चाआधी घरातली चार कामं आहेत.

पहिलं, रविवारी वंदना झाली की विहारातच एक टेबल मांडा. वस्तीतली कार्डं तपासा. नवी सून, लहान मूल यांची नावं चढली आहेत का? ई-केवायसी कोणाचं अडलंय? ठसा उमटत नसेल तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीचा आग्रह धरा. आपल्याकडे शिकलेली मुलं आहेत, मोबाइल आहेत. फॉर्म भरणं हेही चळवळीचं काम आहे.

दुसरं, कायदा वाचा. कलम १३ प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख असते. कलम ८ प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा. कलम २९ प्रमाणे प्रत्येक दुकानाची दक्षता समिती असते आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमाती व बायांना प्रतिनिधित्व द्यायचं असतं. आपल्या दुकानाच्या समितीवर कोण आहे, हे किती जणांना माहीत आहे? विचारा. पावती मागा, वजन बघा, तक्रार १९६७ या नंबरावर नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

तिसरं, अफवा मोडा. रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे "प्लास्टिक" म्हणून बाया निवडून फेकतात. ते पोषणयुक्त दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. ते शिजवा. भातावर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा पिऊ नका, म्हणजे लोह अंगी लागतं. पण घरात कोणाला थॅलेसेमिया असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

चौथं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत अवघड आहे. आज रात्री आईला पहिल्यांदा वाढा. घट्ट डाळ, वरची. बायकोला, बहिणीला आपल्याबरोबर बसवा. जो कार्यकर्ता सरकारकडे समान वाटा मागतो आणि घरी पहिलं ताट स्वतःकडे ओढतो, त्याच्या घोषणेत दम नसतो.

आणि यापुढे कोणी व्यासपीठावरून "आमच्या माउलीने मिठाच्या खड्यावर संसार केला" असं डोळ्यांत पाणी आणून सांगू लागला, तर टाळ्या वाजवू नका. उठून एकच विचारा : तिला डाळ का मिळाली नाही? २०२७ मध्ये महाडला शंभर वर्षं होतात. त्या आधी महाराष्ट्राच्या रेशनमध्ये दर महिन्याला डाळ आणि तेल, आणि शाळेच्या ताटात अंडं, ही मागणी प्रत्येक वस्तीतून गेली पाहिजे. ट्रॉम्बेतून आम्ही सह्या गोळा करायला लागलो आहोत. पहिली सही आईची आहे.

जय भीम!